मुलुंडच्या घराची नोंदवही

शनिवार, ४ जानेवारी २०२५

कुलूप तिसऱ्या खेपेला उघडलं. लॅचमध्ये गंज आहे, तेल लागेल. आत कोंडलेल्या हवेचा वास आणि त्यात ओल्या भिंतीचा. आईला जाऊन येत्या फेब्रुवारीत वर्ष होईल. दादा नाशिकला, मी डोंबिवलीला. परत मुलुंड पूर्वेला राहायला आपल्यापैकी कुणी येणार नाही, हे दिवाळीत एकदाचं बोलून झालं. दर शनिवार-रविवार मी यायचं, काय केलं ते लिहायचं आणि रात्री दादाला फोटो पाठवायचे, असं ठरलंय. ही वही त्यासाठी.

दुसरा मजला, लिफ्ट नाही. वन बीएचके, कार्पेट ४२५ चौरस फूट, इमारत १९८४ ची. संडास आणि बाथरूम वेगळे. हॉलमध्ये मोझॅक टाइल्स, ओट्याला कडप्पा. वायरिंग जुनं, मीटरखाली अजून चिनी मातीचे फ्यूज. बेडरूमला बाथरूमकडच्या भिंतीवर कपाटाच्या वर ओल दिसते. पोपडे सुटलेत, पांढरा लोणा आलाय.

आज फक्त खिडक्या उघडल्या, झाडलं आणि यादी केली. यादी अडीच पानं झाली.

रविवार, ५ जानेवारी

मेगाब्लॉक. मुलुंडला पोचायला सव्वा तास.

खालच्या दुकानातली दोन मुलं बोलावून लोखंडी कपाट सरकवलं. बाबा गेल्यावर, २०१७ मध्ये, आईने ते या भिंतीला लावून घेतलं होतं. पाहुण्यांना ओल दिसू नये म्हणून, हे तेव्हाच माहीत होतं. कपाटामागे काय आहे ते मात्र आज कळलं.

भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा. ओलीच्या कडेने, नकाशात समुद्रकिनारा काढतात तशा, एकात एक पाच. प्रत्येक रेघेच्या टोकाला बारीक बाण आणि तारीख: १२/८/११. ३/१/१२. २०/२/१३. १५/५/१४. ९/१/१६. बाबा एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आकडे त्यांचेच, चार वर उघडा आणि सातला आडवी दांडी. ३/१/१२ च्या रेघेखाली दोन शब्द आहेत: पाऊस नाही.

शेवटच्या रेघेच्या पलीकडे ओल आता आणखी दोन विती गेलीय.

फोटो काढले. दादाला पाठवले. त्याचा तासाभराने एकच मेसेज आला: "खरवडू नकोस अजून."

शनिवार-रविवार, ११-१२ जानेवारी

सामान. यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण दोन दिवस त्यातच गेले. तांब्याचा बंब दादाने मागितला. भांड्यांवर आईचं नाव, कुणाच्या लग्नात मिळालं ते आणि तारीख टिंबाटिंबांनी कोरलेली. भंगारवाल्याला नावाचं भांडं द्यायला जीव होईना. शेवटी डबे, पातेली दिली आणि सहा वाट्या ठेवल्या. बाबांचा ड्रॉइंग बोर्ड माझ्याकडे. पुस्तकं दोन खोक्यांत.

पोटमाळ्यावर फराळाचे रिकामे डबे एकोणीस निघाले. एकोणीस का, हे विचारायला आता कुणी नाही.

शनिवार, १८ जानेवारी

सामान हलकं झालं तसे कागद वर आले. बाबांची निळी फाइल चांगल्या अवस्थेत आहे: मार्च १९८४ चा करारनामा, नोंदणीची पावती, बिल्डरच्या पैशांच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट. सर्टिफिकेटच्या पाठीमागे बाबांचं नाव खोडून २०१८ ला आईचं.

करारनामा पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर आहे. हे बघून मी घाबरले. वकीलबाई म्हणाल्या, काळजी करू नका. मालमत्तेच्या विक्री करारावर पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं ते १० डिसेंबर १९८५ पासून. त्याआधीचे करार असेच पाच-दहा रुपयांचे असतात आणि बँकांच्या वकिलांना ते ठाऊक असतं. मात्र नोंदणीची मूळ पावती हरवू नका, असं तीनदा सांगितलं.

दुसरा मुद्दा वारसांचा. सोसायटीच्या सेक्रेटरींचं ठाम मत: नॉमिनी दादा, म्हणून घर दादाचं. वकीलबाईंनी सरळ केलं. नॉमिनी हा सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा त्याची सोय. मालकी वारसाने येते. बाबांचं मृत्युपत्र नव्हतं, आईचंही नाही. म्हणून आम्ही दोघं अर्धे-अर्धे मालक आणि विक्रीच्या करारावर दोघांच्या सह्या. हक्कसोडपत्र करून सगळं एकाच्या नावावर घेता आलं असतं. पण विकायचंच आहे तर तो वळसा कशाला?

करायचं: दोघांचे मृत्यूचे दाखले (प्रत्येकी पाच प्रती), दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना, गेल्या तीस वर्षांचा मालकीचा शोध अहवाल, लाइट बिलावर अजून बाबांचं नाव आहे ते महावितरणमध्ये बदलणं. मालमत्ता कराचं टेन्शन नाही: २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ आहे.

रविवार, १९ जानेवारी

पहिला एजंट बघून गेला. चांगला माणूस, या भागात वीस वर्षं धंदा. चार मिनिटांत घर फिरून झालं. म्हणाला, "ताई, पार्टी आत आली की आधी भिंत बघते. इथे पीव्हीसी पॅनल मारून घ्या, वुडन फिनिश. आठ हजारांत काम होतं. एप्रिलच्या आत विकून टाकू, पावसाळा त्यांचा ते बघतील."

त्याच्या दृष्टीने यात लबाडी नाही, धंद्याची रीत आहे. मी विचार करते म्हटलं. संध्याकाळी पेंटर आला, त्यानेही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: डॅम्पप्रूफचा एक हात, वरून लांबी म्हणजे पुट्टी, दोन हात इमल्शन, तीन दिवस.

तो भिंतीसमोर उभा असताना त्याच्या खांद्यावरून मला ३/१/१२ दिसत होतं. पाऊस नाही. मे महिन्यातही वाढलीय, फेब्रुवारीतही. याचा अर्थ भिंतीतलं पाणी आभाळातलं नाही. आठ हजारांचं पॅनल ते थांबवणार नाही. आमच्यानंतर येईल त्याच्या कपाटामागे ते चालूच राहील.

पॅनल नाही. दादाला फोन केला. तो म्हणाला, "बाबांनी पाच वर्षं मोजलं आणि वर जाऊन एकदाही बोलले नाहीत. तू जा."

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला मुद्दाम आले. सोसायटीतली सगळी माणसं एका जागी सापडण्याचा हा एकच दिवस. चहा-जिलबी झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना बाजूला घेतलं. हे बाबांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती, वीस वर्षं दोघं मिठागर रोडने केळकर कॉलेजपर्यंत जाऊन यायचे. "आमचं बाथरूम एकदम कोरडं आहे गं. २०१० ला सगळं नवीन केलं, मार्बल लावलं." २०१० आणि बाबांची पहिली रेघ २०११ ची. मी काही बोलले नाही, फोनवर फोटो दाखवला.

काकांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला. बराच वेळ तारखा वाचत होते. मग म्हणाले, "कधी बोलला नाही हो." मला 'हो' म्हणाले, ते भिंतीला उद्देशून असावं. पुढच्या रविवारी प्लंबर आणायला हरकत नाही असं ठरलं.

शनिवार-रविवार, १-२ फेब्रुवारी

प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. मुंबईच्या निम्म्या नळांना केंद्रपाड्याचा हात लागला असेल. आधी आमच्या बाजूची शंका फेडून घेतली: शुक्रवारी रात्री आमचा मुख्य कॉक बंद, सकाळी उघडला. ओलीत फरक नाही. म्हणजे आमची पाइपलाइन निर्दोष.

मग वर. काकांच्या बाथरूमची नहाणी चिंधी आणि प्लास्टिकने घट्ट बुजवली, उंबऱ्याला मातीचा बांध घातला आणि चार बोटं पाणी भरलं. त्यात कपड्यांची नीळ अर्धी बाटली. चोवीस तास असंच ठेवायचं. तेवढ्या वेळात काका-काकूंनी आंघोळ कुठे करायची? आमच्याकडे. रविवारी सकाळी दोघं टॉवेल, साबणाची डबी घेऊन खाली आले. आईचा गीझर वर्षभराने पेटला. काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे गरम पाणी पटकन येतं, आमच्यापेक्षा." या घरात कुणी शेवटची आंघोळ केली त्याची नोंद अशी काकूंच्या नावावर राहील बहुतेक.

दुपारी प्लंबरने शिडी लावून आमच्या बाथरूमच्या छताला लटकलेला वरच्या नहाणीचा पाइप बघितला. सांध्याच्या कडेला निळा थेंब. बोट फिरवलं, बोट निळं. बेडरूमच्या भिंतीत रंग दिसला नाही, फक्त ओल गडद झाली. प्लास्टर नीळ गाळून घेतं म्हणे. पण त्या थेंबानंतर वाद उरला नाही. "बारिश का नहीं है मॅडम, नहाने का है." मी त्याला भिंत दाखवून म्हटलं, हे तेरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

पैशांचं. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक नळ सोसायटीकडे. घराच्या आतलं ज्याचं त्याने करायचं. म्हणजे खर्च काकांचा. पण ते पंच्याहत्तरीचे, पेन्शनवर, आणि घाई माझी. निम्मा खर्च मी उचलते म्हटलं. दादा कुरकुरला. नियमाने भांडत बसलो असतो तर पावसाळा आला असता.

सोमवार, १० ते रविवार, १६ फेब्रुवारी

तीन दिवस रजा. वरच्या बाथरूमची फरशी फोडली. नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी खालच्या पाइपात सोडणारं भांडं) कॉलरला तडा, त्याखालचा विटांचा कोबा स्पंजसारखा भिजलेला. २०१० मध्ये वर मार्बल चढवलं, ट्रॅप मात्र १९८४ चाच ठेवला होता. ही चूक मुंबईत घरोघर सापडेल: दिसतं ते नवीन, फरशीखालचं जुनं.

नवीन ट्रॅप, नवीन पाइप, स्लॅबवर आणि भिंतीवर फूटभर वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात आडवे-उभे, पुन्हा ब्रिकबॅट कोबा उतार देऊन. टाइल लावण्याआधी परत पाणी तुंबवलं, या वेळी अठ्ठेचाळीस तास. मिस्त्री म्हणाला चोवीस पुरेत. मी नाही म्हटलं. खालचा सांधा कोरडा. एकूण ४१ हजार, माझे साडेवीस.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज आमच्या भिंतीचं ओलं प्लास्टर काढलं, विटेपर्यंत. त्याआधी रेघांचे नीट फोटो काढले, शेजारी फूटपट्टी धरून. दादाच्या सांगण्यावरून ३/१/१२ चा तुकडा छिन्नीने अख्खा काढायचा प्रयत्न केला. तीन तुकडे झाले. वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रॉइंग बोर्डाशेजारी ठेवलेत.

विटा उघड्या ठेवायच्या, तीन आठवडे. पेंटर म्हणतो वेळ फुकट जातोय. जाऊ दे.

शनिवार, ८ मार्च

जाहीर सूचना आज छापून आली, एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात. 'सदर सदनिकेवर कोणाचाही वारसाहक्क, गहाण, दान, बोजा असल्यास चौदा दिवसांत...' आईबाबांची नावं 'कै.' लावून चौकोनात. दुपारपर्यंत एक फोन आला. हक्क सांगायला नव्हता. वादातली प्रॉपर्टी असेल तर रोखीने स्वस्तात घेतो म्हणाला.

रविवार, १६ मार्च

विटा हाताला कोरड्या. प्लास्टर केलं, सिमेंट-वाळू एकास चार. आता सात दिवस त्यावर पाणी मारायचं. ओल घालवायला भिंत रोज भिजवायची. वॉचमनला दोनशे रुपये देऊन सकाळ-संध्याकाळ बादली सोपवली.

तेवढ्यात वायरिंग. फ्यूजचे खोके काढून एमसीबीचा (आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) बोर्ड, शॉक बसण्याआधी लाइन तोडणारा आरसीसीबी, गीझरला वेगळी लाइन. जुन्या वायरीचं रबर हाताने चुरगळत होतं. ही गोष्ट घर बघायला येणाऱ्याला दिसणार नाही आणि हिचे पैसेही कुणी देणार नाही. तरी केली, कारण त्या वायरीवर इस्त्री लावून मीच पंधरा वर्षं शाळेचे कपडे कडक केलेत आणि आता ती बघवत नव्हती.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. रिकाम्या घरात उभारावी का, यावर वहिनी आणि माझं फोनवर दहा मिनिटं. काठीऐवजी पडद्याचा पाइप, आईची हिरवी खण, तिच्या नावाचा तांब्या.

गेल्या शनिवारी नव्या प्लास्टरवर फूटभर प्लास्टिक चौकोनी लावून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. आत ओल असेल तर प्लास्टिकच्या आतून दव धरतं. रविवारी बारीक दव होतं. कालपासून परत लावलं, आज सकाळी स्वच्छ. रंगाला परवानगी.

बुधवार, २ एप्रिल

काल रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर, वाढला, तीन वर्षांनी. मुंबईत सरासरी ३.३९ टक्के. आमचं जे भावाचं गणित आहे ते त्याच्या बरंच वर, त्यामुळे आम्हाला फरक नाही. शुल्क रेकनर आणि करारातली किंमत यांत जी जास्त तिच्यावर लागतं.

शनिवार, १२ एप्रिल

रंग संपला. पेंटरला भिंती फिक्या पिवळ्या हव्या होत्या, एजंटला 'ऑफव्हाइट, सगळीकडे एकच'. एजंटचं ऐकलं. खिडक्यांच्या ग्रिलला ऑइल पेंट. मोझॅक फरशी बदलली नाही, पॉलिश करून घेतली. मशीन फिरलं आणि चाळीस वर्षांखालचे तांबडे-काळे खडे वर आले. या घरात सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त बदललेली वस्तू ती. टाइल बदलायला ऐंशी हजार सांगत होते, पॉलिश साडेसहा हजारांत झालं.

एजंटने फोटो काढून जाहिरात लिहिली. त्यात 'रिडेव्हलपमेंट लवकरच'. मी ते काढायला लावलं. गेल्या वार्षिक सभेत विषय निघाला, एवढंच झालंय. ठराव नाही, वास्तुविशारद नेमलेला नाही. तो म्हणाला, "ताई, एक्केचाळीस वर्षांची बिल्डिंग, माणूस घर कुठे घेतोय? तो कार्पेट एरिया घेतोय." खरं असेल. मग मी विटा का वाळवत बसले होते, असं क्षणभर वाटलं. तरी ती ओळ काढली.

रविवार, १३ ते रविवार, २० एप्रिल

बघायला नऊ पार्ट्या. त्यातल्या सहा जणांना लिफ्ट हवी होती, जी जाहिरातीत नाही म्हणून लिहिलंच होतं. एक गृहस्थ होकायंत्र घेऊन आले आणि ओट्याचं तोंड बघून उंबऱ्यावरूनच परतले. एका बाईंनी मात्र स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं, "दुपारी इथे ऊन येतं का?" येतं, तीन ते साडेचार. याआधी मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि उत्तर किती पक्कं ठाऊक आहे ते बघून मलाच नवल वाटलं.

त्या बाई परत आल्या, नवरा आणि सासऱ्यांसह. दोघं नोकरी करणारे, सध्या नाहूरला भाड्याने. सासरे कन्स्ट्रक्शनवर फोरमन होते. त्यांनी खिशातून किल्ली काढून भिंती ठोकत नेल्या. बेडरूमच्या त्या भिंतीशी थांबले, परत ठोकलं. "हे प्लास्टर नवीन आहे." त्यांना फाइल दिली: रेघांचे फोटो, वरच्या ट्रॅपचे आधीचे-नंतरचे फोटो, प्लंबर-मिस्त्रीची बिलं, पाणी तुंबवल्याच्या तारखा. खाली बसून चष्मा लावून सगळं वाचलं. मला वाटलं आता कौतुक करतील. म्हणाले, "म्हणजे ओलीचं घर आहे. तीन लाख कमी करा."

आमची अपेक्षा एक कोटी. दादाशी बोलून दोन कमी केले. ९८ लाख.

बुधवार, ३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

एक लाख टोकन, चेकने. मुहूर्त त्यांचा. पेढे आमचे.

करार बहुधा फक्त सुनेच्या नावावर होईल. सासऱ्यांनी गणित आधीच केलेलं: मुंबईत मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क सहा टक्के, खरेदीदार केवळ स्त्री असेल तर पाच. ९८ लाखांवर ९८ हजार वाचतात. नोंदणी फी तीस हजार, ती कमाल मर्यादाच आहे. मुलगा जरा हिरमुसला होता. सासरे म्हणाले, "तुला राहायला देईल ती."

शनिवार, ३ मे

सीए. रेकॉर्डसाठी लिहून ठेवते, दादा परत परत विचारतो.

बाबांनी १९८४ ला दिलेल्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेऊन. फक्त ती त्या तारखेच्या रेकनरच्या वर जाता कामा नये. आमची आली नऊ लाख. आता दोन वाटा. जुनी: महागाई निर्देशांकाने किंमत फुगवायची आणि नफ्यावर वीस टक्के. नवी, २३ जुलै २०२४ पासूनची: निर्देशांक नाही, साडेबारा टक्के. आधी घेतलेल्या घराला यातली कमी कराची वाट निवडता येते. सगळे निर्देशांक गेला म्हणून हळहळतात. आमच्या आकड्यांवर गेल्या वर्षीचा निर्देशांक ३६३ धरला तर किंमत ३२ लाख ६७ हजार होते, कर १३ लाखांच्या वर. नव्या वाटेने ८९ लाखांच्या साडेबारा टक्के, ११ लाख साडेबारा हजार. म्हणजे नवी वाट स्वस्त. दोघांत निम्मा-निम्मा, सेस वेगळा.

दादा दोन वर्षांत नाशिकला मोठं घर घेणार, तर त्याचा नफा त्यात जाईल. मी सहा महिन्यांत कलम ५४ ईसीचे, नफ्यावरचा कर वाचवणारे बाँड घेईन, पैसे पाच वर्षं अडकतील. दोघांच्या वाट्याला ४९ लाख, म्हणजे पन्नासच्या आत, म्हणून टीडीएस (खरेदीदाराने पैसे देतानाच कापायचा कर) नको असा शेजाऱ्यांचा सल्ला होता. तो चुकीचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमत बघतात. एक टक्का कापला जाणार, पॅन दोघांचे द्यायचे.

रविवार, ११ मे

सोसायटी कमिटीची बैठक. ना हरकत आणि थकबाकी नसल्याचा दाखला हवा होता. सेक्रेटरींनी बिल्डिंग फंडाला 'स्वखुशीने' एक लाख सुचवले. मी शासनाच्या २००१ च्या परिपत्रकाची प्रत पुढे सरकवली: हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटीने घ्यायची रक्कम, जास्तीत जास्त २५ हजार, त्यावर देणगी म्हणून मागायचं नाही. पाच मिनिटं पंख्याचाच आवाज. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका, जे कमिटीत कधी तोंड उघडत नाहीत, म्हणाले, "पंचवीस लिहा आणि पुढचा विषय घ्या."

शुक्रवार, १६ मे

नोंदणी झाली. दुय्यम निबंधक कार्यालयात अडीच तास, त्यातले दोन सर्व्हर बंद म्हणून. कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठे, साक्षीदार. दादा पहाटे नाशिकहून निघाला होता. अंगठ्याची शाई नसते आता, काच असते. तरी त्याने सवयीने पँटला बोट पुसलं. बँकेचा चेक दोन आठवड्यांत. ताबा ३१ मेला.

सोमवार, २६ मे

पाऊस. मान्सून आजच मुंबईत पोचल्याचं जाहीर झालं, १९५० पासूनच्या नोंदींत इतका लवकर कधी नाही. वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. ऑफिसात सगळे तो व्हिडिओ बघत होते. मी घड्याळ बघत होते. लोकल रखडत होत्या, जाता आलं नाही.

मंगळवार, २७ मे

ऑफिस सोडून आधी मुलुंड. लाइट न लावता टॉर्च भिंतीवर आडवा धरला. फुगवटा लगेच दिसतो तसा. काही नाही. हात फिरवला, तळवा कोरडा. वरून काकूंच्या बादलीचा आवाज येत होता, म्हणजे नहाणी वापरात आहे. बाथरूमच्या छताचा सांधा कोरडा.

मग सवयीने बाकीच्या भिंती. हॉलच्या खिडकीखाली, उजव्या कोपऱ्यात, रुपयाएवढा डाग. बोट लावलं तर ओलं. हे नवीन. बाहेरून खिडकीच्या चौकटीपाशी केसाएवढी भेग असणार. ही बाहेरची भिंत, म्हणजे सोसायटीची.

पर्समध्ये पेन्सिल नव्हती. समोरच्या मुलीच्या कंपासपेटीतली आणली. डागाच्या कडेने रेघ काढली, माझा हात बाबांसारखा सरळ चालत नाही. शेजारी २७/५/२५. खाली लिहिलं: पाऊस आहे.

फोटो सुनेला पाठवला, सोबत सेक्रेटरींच्या नावे तक्रारअर्जाची प्रत. दहा मिनिटांनी सासऱ्यांचा फोन. शनिवारी ताबा घ्यायला येताना क्रॅक फिलर आणि शिडी आणतो म्हणाले, आणि ती रेघ पुसू नका.